पेसमेकर असेल तर घरच्या ईसीजीचा निकाल सोडा, पट्टी बघा

छातीत पेसमेकर आहे आणि मुलानं काळजीपोटी दोन बोटांवर ईसीजी काढणारं छोटं यंत्र आणून दिलंय, अशी माणसं आता आमच्या परभणीतही बरीच झाली आहेत. मला स्वतःला पेसमेकर आहे आणि निवृत्त होईपर्यंत मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे ओळखीतले लोक मलाच फोन करतात. प्रश्न बहुतेकदा एकच असतो. "मॅडम, मोबाइलवर आलंय की निदान करता येत नाही. पेसमेकर बिघडला का?"

तेवढ्यावरून तो बिघडला असं अजिबात होत नाही. आधी हे यंत्र मोजतं काय ते बघू. उजव्या हाताचं बोट एका पत्र्यावर, डाव्या हाताचं दुसऱ्यावर, आणि दोन्ही हातांमधला विद्युतदाबाचा फरक 30 सेकंद टिपला जातो. त्याचा आलेख म्हणजे पट्टी. विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून हेच मोजलं होतं आणि त्या कामासाठी त्यांना 1924 सालचं नोबेल मिळालं. दवाखान्यातल्या बारा लीडच्या, म्हणजे बारा बाजूंनी घेतलेल्या नोंदींच्या, कागदावर जी पहिली लीड असते, तीच तुमच्या खिशातलं यंत्र काढतं. ते फक्त वाचतं, अंगात करंट सोडत नाही, म्हणून पेसमेकरला त्याचा धक्का बसत नाही. अंगातली चरबी दाखवणाऱ्या वजनकाट्याचं मात्र वेगळं आहे. तो तळपायातून बारीक करंट पाठवतो, पेसमेकरवाल्यांनी त्यावर उभं राहू नये. काही ईसीजी यंत्रांच्या पुस्तिकेतही पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये असं लिहिलेलं असतं. त्यामागचं मुख्य कारण निकालावर भरवसा ठेवता येत नाही हे आहे. आपल्या यंत्राची पुस्तिका वाचा आणि डॉक्टरांना विचारूनच वापरायला लागा.

निकालावर भरवसा का नाही? पेसमेकरचा एक झटका साधारण 0.4 मिलिसेकंद टिकतो. माझ्याकडचं यंत्र सेकंदाला 300 नोंदी घेतं, म्हणजे दोन नोंदींमध्ये 3.3 मिलिसेकंदांची फट. वीज चमकत असताना थांबून थांबून फोटो काढले तर कुठल्या फोटोत वीज येईल, कुठल्यात नाही, तसंच हे. त्यात पेसमेकरपासून हृदयात गेलेल्या आताच्या तारेची दोन्ही टोकं हृदयाच्या आत एकमेकांच्या अगदी जवळ असतात, हातापर्यंत पोचेस्तोवर तो झटका नखाएवढाही उरत नाही. म्हणून पट्टीवर झटक्याची उभी रेघ दिसली नाही तर पेसमेकर बंद पडला असं समजू नका. माझ्या घरच्या पट्टीवर ती क्वचितच दिसते.

झटक्यानंतरचा ठोका मात्र दिसतो, आणि तो रुंद दिसतो. तार बहुधा उजव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात असते. तिथून सुरू झालेला ठोका हृदयाच्या नेहमीच्या वायरिंगनं न जाता स्नायूतून स्नायूत पसरत जातो, त्याला वेळ लागतो. मोबाइलमधलं सॉफ्टवेअर मुख्यतः पेसमेकर नसलेल्यांच्या पट्ट्या ओळखायला बनवलेलं, ते अशा ठोक्यासमोर अडतं आणि "निदान करता येत नाही" म्हणतं. हे त्याचं प्रामाणिक उत्तर आहे.

मला जास्त धास्ती वाटते ती "नॉर्मल" या उत्तराची. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे बेशिस्त थरथर, सुरू असेल, आणि खाली पेसमेकर ठरावीक अंतरानं ठोके देत असेल, तर पट्टीवर ठोके एकसारखे येतात. ठोक्यांमधलं अनियमित अंतर बघूनच ही यंत्रं फिब्रिलेशन ओळखतात. अंतरच सारखं झालं तर ओळखणार कशावरून? या आजारात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारण्याचा धोका असतो, म्हणून हे हलक्यात घेऊ नये. दोन तारांचा पेसमेकर असेल तर वरच्या कप्प्यातली अशी गडबड तो स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि डिव्हाइस क्लिनिकमध्ये, म्हणजे पेसमेकर तपासतात तिथं, प्रोग्रॅमर हे पेसमेकर वाचणारं यंत्र लावलं की ती दिसते. घरच्या मशीननं सगळं ठीक दाखवलं म्हणून तपासणीची तारीख पुढं ढकलणारी माणसं मी बघितलीत. कृपा करून तसं करू नका.

मग यंत्र घेऊन करायचं काय? स्वतःच्या चांगल्या दिवसाची पट्टी काढून ठेवायची. मी दरवेळी तपासणीला रेल्वेनं संभाजीनगरला जाते, तिथं टेक्निशियनला विचारून ज्याच्या खाली पेसमेकर ठोके जाऊ देत नाही तो मिनिटाचा कमीत कमी वेग किती ठेवलाय, मोड (काम करायची पद्धत) कुठला आणि शंभरातले किती ठोके पेसमेकर देतोय हे डायरीत लिहून घेते. सगळं ठीक आहे असं त्यांनी सांगितलं की घरी येऊन त्याच आठवड्यात निवांत बसून पट्टी काढते आणि तिच्यावर तारीख टाकते. माझा कमीत कमी वेग 60 आहे. पट्टी सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगानं छापली की दोन ठोक्यांमध्ये बरोबर 25 बारीक घरं येतात. मी पेन्सिलच्या टोकानं मोजते. विश्रांतीत पेसमेकरच ठोके देत असला की घरं सारखीच भरतात. ही माझी पट्टी. पुढं कधी छातीत धडधडलं, डोळ्यापुढं अंधारी आली, की त्या क्षणाची पट्टी हिच्याशेजारी ठेवायची. डॉक्टरांनाही दोन्ही पाठवायच्या, मोबाइलवर आलेला शब्द पाठवून उपयोग नाही.

याचा खरा उपयोग कळला तो आत्यामुळं. आत्या जिंतूरजवळ खेड्यात राहते, तिलाही पेसमेकर आहे. एका संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितल्यावर तिचा फोन, आवाज पार गेलेला. "बाई, बोटाची मशीन अडतीस दाखवायलीय माय. साठच्या खाली जाणार नाही म्हणले होते ना डॉक्टर?"

"आत्या, चक्कर येतीय का? दम लागतोय का?"

"नाही ग. पण धडधड व्हायलीय कवापासून."

बोलताना ती धापत नव्हती. नातवाला फोन द्यायला लावला आणि ईसीजी काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितलं. पट्टी बघितली तर मिनिटाला 76 ठोके होते. एक पेसमेकरचा ठोका, मागोमाग एक वेगळ्याच आकाराचा लवकर आलेला ठोका, मग पोकळी, परत तीच जोडी. हृदय पूर्ण भरायच्या आतच आलेला तो दुसरा ठोका रक्त नीट ढकलत नाही, त्याची नाडी बोटापर्यंत पोचतच नाही. ऑक्सिमीटर नाडी मोजतो, म्हणून त्यानं निम्मेच मोजले. गणितही जुळत होतं. लवकरचा ठोका आला की पेसमेकर तिथून नव्यानं 1000 मिलिसेकंद वाट बघतो. आधीचं अंतर साधारण 580, दोन्ही मिळून 1580. एका मिनिटात अशा जोड्या बसतात 38. म्हणजे पेसमेकर आपलं काम चोख करत होता. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली, इतका वेळ जीव मुठीत धरून बसली होती.

पण पेसमेकर ठीक म्हणजे सगळं ठीक असंही नाही. असे जादा ठोके सतत येत राहिले तर हृदय कमजोर होऊ शकतं. पट्टी रात्रीच डॉक्टरांना पाठवली, त्यांनी सकाळी रक्त तपासायला लावलं. पोटॅशियम कमी निघालं, आत्याची लघवीची गोळी चालू होतीच, तिनं पोटॅशियम उतरू शकतं. औषध बदललं आणि ठोके कमी झाले. ऑक्सिमीटर किंवा बीपीच्या मशीनवर नाडी पेसमेकरच्या वेगापेक्षा खाली दिसली तर हे लक्षात असू द्या. आणि ईसीजीवरचे ठोकेसुद्धा खाली असतील, तर मात्र वेळ घालवू नका.

पट्टी खराब येते याची कारणं आमच्याकडं ठरलेली. कापूस वेचून, निंदून बोटं फुटलेली असतात, कोरड्या भेगाळ कातडीतून सिग्नल नीट येत नाही. बोटं पाण्यानं ओली करून पुसावी, दमट राहू द्यावी. कोपरं टेबलावर किंवा मांडीवर टेकवावी, नाहीतर दंडाच्या स्नायूंची थरथर पट्टीवर उतरते आणि जाणत्यालाही ती फिब्रिलेशनसारखी वाटते. फोन चार्जरवरून काढावा, वायरिंगमधली 50 हर्ट्झची गुणगुण पट्टीत शिरते. फोन टेबलावरच राहू द्या. चुंबक असलेले फोन पेसमेकरपासून 15 सेंटिमीटरपेक्षा लांब आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर 30 सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवायला खुद्द अ‍ॅपलनं सांगितलंय. पट्टी नीट येत नाही म्हणून यंत्र आणि फोन छातीला लावायची युक्ती कुणी सांगितली तर ती आपल्यासाठी नाही.

बॅटरीबद्दलही एक गोष्ट. बॅटरी बदलायची वेळ जवळ आली की काही पेसमेकर आपोआप ठरावीक वेगावर आणि साध्या मोडवर जातात. वर्षानुवर्षं 60 असलेला विश्रांतीतला वेग एके दिवशी 65 वर जाऊन तिथंच बसला, घरं मोजली तर 23 च भरतायत, तर ते लगेच क्लिनिकला कळवायचं. यासाठी तरी जुनी पट्टी हवीच.

शुद्ध हरपली, छातीत दाबल्यासारखं दुखलं, बोलता बोलता तोंड वाकडं झालं, तर यंत्र शोधत बसू नका, 108 ला फोन करा. पेसमेकरच्या जागेवर लाली, सूज किंवा पाणी दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, ते कुठल्याच ईसीजीत दिसत नाही. आत्याच्या नातवानं तिचं पेसमेकरचं कार्ड, तिची चांगल्या दिवसाची पट्टी आणि क्लिनिकचा नंबर एकाच प्लास्टिकच्या पाकिटात घालून दारामागच्या खिळ्याला अडकवलंय. मी माझं पाकीट फ्रिजवर ठेवते, शेजारच्यांना सांगून ठेवलंय.