तानेर यांचे उलटे घड्याळ

स्विस दिग्दर्शक आलँ तानेर यांच्या एका चित्रपटात लिस्बनमधल्या एका बारच्या भिंतीवर घड्याळ आहे आणि त्याचे काटे उलटे फिरतात. जहाजावर मेकॅनिक असलेला पॉल बंदरात उतरून तिथे येऊन बसतो, त्याची नजर त्या घड्याळावर जाते, आणि पुढे जहाज निघून गेले तरी तो शहरातच राहतो. घड्याळांसाठी जगभर नावाजलेल्या देशातल्या दिग्दर्शकाला हे सुचावे, याची मला दर वेळी गंमत वाटते. १९८३ च्या या चित्रपटात पॉलची भूमिका ब्रूनो गान्झ यांनी केली असून फ्रेंच भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार हा फ्रान्सचा चित्रपट पुरस्कारही या चित्रपटाला मिळाला.

तानेर यांचा जन्म १९२९ सालचा, जिनिव्हातला. शिक्षण अर्थशास्त्राचे असले तरी तरुणपणी त्यांनी काही काळ व्यापारी जहाजावर काम केले होते, हे कळल्यावर पॉलचे मूळ कुठे असावे याचा अंदाज येतो. विद्यापीठात क्लोद गोरेत्ता यांच्यासह फिल्म क्लब काढणारे तानेर पुढे लंडनला गेले, आणि शनिवारी रात्री तिथल्या पिकॅडिली सर्कस या चौकात लोटणाऱ्या गर्दीवर या दोघांनी १९५७ साली एक लघुपट केला. १९६६ साली तानेर यांनी चंडीगडवर माहितीपट केला. ते शहर आखणारे ल कॉर्ब्युझिए मूळचे स्विसच. निवेदन लिहिले होते ब्रिटिश लेखक जॉन बर्जर यांनी, आणि ही लेखक-दिग्दर्शक जोडी पुढे तीन कथापटांपर्यंत टिकली.

त्या काळी फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये चित्रपट काढायला पैसाच नव्हता. म्हणून १९६८ साली तानेर, गोरेत्ता, मिशेल सुत्तर, जाँ-लुई र्‍वा आणि जाँ-जाक लाग्रांज या पाच जणांनी ‘ग्रुप सँक’, म्हणजे पाचांचा गट, स्थापन केला आणि दूरचित्रवाणीशी करार केला: दूरचित्रवाणीने प्रक्षेपणाच्या हक्कांपोटी आगाऊ रक्कम द्यायची, बाकीची जुळवाजुळव दिग्दर्शकाने करायची. रक्कम तुटपुंजी होती, पण माझ्या मते याच तुटपुंजेपणाने त्यांच्या चित्रपटांना मोजकी पात्रे, साधी घरे आणि भरपूर बोलणे दिले.

या करारातून आलेला तानेर यांचा पहिला कथापट १९६९ चा. घड्याळाच्या कारखान्याचा मालक शार्ल, कंपनीची शंभरी साजरी होत असताना, दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत नको तितके खरे बोलतो, घरदार सोडतो आणि एका फाटक्या जोडप्याकडे जाऊन राहतो. अखेरीस पोटचा मुलगाच त्याची रवानगी मनोरुग्णालयात करतो. लोकार्नो चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला ‘सुवर्ण बिबट्या’ हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा तानेर चाळिशीला टेकले होते.

शार्लचे पळणे समाजावरचा राग आहे, पॉलच्या पळण्याला मात्र काहीच कारण नाही, आणि म्हणूनच मला पॉल अधिक खरा वाटतो. तो सुपर एट या छोट्या, घरगुती चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याने गल्ल्या, ट्राम आणि वाऱ्याने हलणारे पडदे टिपतो आणि ती रिळे टपालाने स्वित्झर्लंडमधल्या जोडीदारिणीला धाडतो. ती घरी एकटीच बसून ती खरबरीत, मुकी चित्रे भिंतीवर पाहत राहते.