पुढील स्टेशन रबाळे

ठाण्याच्या एका शाळेत मी स्पेशल एज्युकेटर आहे, दिवसभर रिसोर्स रूममध्ये. ओम (नाव बदललंय) दुसरीत, ऑटिझम आहे. रोज आईबरोबर घणसोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने येतो आणि गाडीतली अनाउन्समेंट त्याला तिन्ही भाषांत तोंडपाठ आहे.

त्या दिवशी सकाळपासून एकच चालू, पुढील स्टेशन रबाळे, अगला स्टेशन रबाळे, नेक्स्ट स्टेशन रबाळे. आवाज चढत गेला, मग मनगट चावायला लागला. वर्गाच्या बाईंनी त्याला माझ्याकडे आणून सोडलं, म्हणाल्या आज फारच त्रास देतोय, घरी पाठवू या का. मागच्या महिन्यात असंच एकदा पाठवलं होतं.

मीसुद्धा आधी "ओम, आता ट्रेन नाही, शांत बस" हेच म्हणत होते. बी.एड. स्पेशलला इकोलेलिया, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलणं, शिकलेय मी, 1984 चा प्रिझंट आणि रायडेल यांचा अभ्यास पेपरात लिहिलाय, आधी ऐकलेलं वाक्य मूल नंतर बोलतं त्यामागे त्यांनी 14 वेगवेगळी कारणं दाखवली होती. आणि इथे मूल समोर बसून बोलतंय नि मी त्याला गप्प करतेय.

मग डोक्यात आलं की ऐरोली का नाही, दिघा का नाही, रबाळेच का? आईला फोन लावला. ती जरा वेळ गप्पच झाली, मग म्हणाली मॅडम, पावसाळ्यात एकदा गाडी घणसोलीहून सुटली, रबाळ्याची अनाउन्समेंट चालू होती आणि तेवढ्यात ह्याला उलटी झाली, सगळा डबा बघत होता, खूप घाबरलेला.

फोन कानाला तसाच ठेवून कपाळाला हात लावला तर चटका बसला. बादली ओढेपर्यंत उलटी झालीच, माझ्या ओढणीवर. नंतर थर्मामीटर लावला, 102.

दुसरं कुठलंही मूल अशा वेळी "आजारी" म्हणून घरी जातं, हा मागच्या महिन्यात "बिहेवियर" म्हणून गेला होता, आणि तेव्हाही तो हेच ओरडत होता का ते आता कुणालाच आठवत नाहीये, ते मला फार लागलंय.

त्याच्या कम्युनिकेशन बोर्डावर पोट धरलेल्या मुलाचं चित्र लावलंय, शिकेल हळूहळू. तोवर त्याच्या आयईपीत, म्हणजे त्याच्यासाठी बनवलेल्या शिक्षणाच्या आराखड्यात, पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, रबाळे म्हणजे मळमळतंय, लगेच ताप बघा. बदली शिक्षिका आल्या की आधी ते पान त्यांच्या हातात देते.