सही मुलाची होती, आईची नव्हे

हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव सुरू व्हायच्या बेतात होता तेव्हा मोबाइल वाजला. दापोली तालुक्यातला आमच्या भागातला एक मुलगा त्या वेळी मुंबईत एका रिअ‍ॅलिटी शोच्या घरात बंद होता. फोन त्याच्या मावसभावाचा होता. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला, कागदाचा. बायोप्सीचा रिपोर्ट. वर त्या मुलाच्या आईचं नाव, वय, आणि खाली स्तनाच्या कर्करोगाचं निदान.

‘सर, आज लावा. रात्री बारापर्यंत व्होटिंग आहे. लोकांना कळलं ना, तर तो या आठवड्यात जात नाही.’

मावसभाऊ वाईट नव्हता. भावासाठी गावोगाव फिरून लोकांना अ‍ॅप डाउनलोड करून देत होता, मत कसं द्यायचं ते शिकवत होता. त्याच्या दृष्टीने तो कागद म्हणजे मतं होती. मी त्याला एवढंच विचारलं, ‘मावशींना माहीत आहे तू हे पाठवलंस ते?’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘त्या नाही म्हणणार नाहीत.’

जिल्हा वार्ताहराच्या हातात अशी बातमी रोज पडत नाही. मी डेस्कला कळवलं, कारण माहिती लपवून ठेवणं मला पटत नाही. छापायचं की नाही ते समोरासमोर ठरावं. पाच मिनिटांत पोर्टलकडून मथळा तयार होऊन आला. त्यात आई होती, मृत्यू होता, उद्गारचिन्ह होतं. फक्त रिपोर्टचा फोटो हवा होता. मी म्हटलं, आधी त्या बाईंना विचारतो, तोवर काही चढवू नका.

विचारायला लांब जायचं नव्हतं. त्या बंदरावरच मासळी घेतात. खोल पाण्यातल्या होड्यांमधून माल काठाला आणणाऱ्या बैलगाड्या लाटांतून येत होत्या, चाकं अर्धी पाण्यात. मावशी एका ढिगाशी उकिडव्या बसून सुरमईचे कल्ले उचलून बघत होत्या. बोली झाली, त्यांनी माल घेतला, टोपलीत बर्फाचा थर दिला, वर मासे, पुन्हा बर्फ. ते सगळं होईपर्यंत मी थांबलो. मग बाजूला घेऊन सांगितलं की तुमचा रिपोर्ट माझ्याकडे आलाय.

त्या चिडल्या नाहीत. पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, ‘परळला टाटात जायचंय पुढच्या आठवड्यात. त्याला मी सांगायचंय. आधी मी. मग तुला काय लिहायचं ते लिही.’

‘मतांसाठी घाला, असं म्हणतायत घरचे.’

‘मतं त्याच्या गाण्याला, वागण्याला देऊ देत. माझ्या दुखण्याला कशाला?’

डेस्कशी खरा वाद त्यानंतर झाला आणि तो वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण समोरचा संपादक उथळ माणूस नव्हता. त्याने ब्रिटनमधल्या रिअ‍ॅलिटी शोमुळे प्रसिद्ध झालेल्या जेड गुडीचं उदाहरण दिलं. 2008 साली ती हिंदी ‘बिग बॉस’च्या दुसऱ्या पर्वात होती आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची बातमी तिला त्या घरात असतानाच कळली. मार्च 2009 मध्ये, 27 व्या वर्षी ती गेली. तिच्या आजाराच्या बातम्यांमुळे ब्रिटनमध्ये तपासणीला येणाऱ्या बायका वाढल्या, हे खरं आहे. संपादक म्हणाला, कोकणातल्या किती बायका गाठ लपवतात तुला ठाऊक आहे. एका बातमीने चार जणी दवाखान्यात गेल्या तर?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण जेडने आजार स्वतः जगासमोर मांडला, मुलांच्या भवितव्यासाठी आपल्या लग्नाच्या छायाचित्रांचे हक्कही विकले. निर्णय तिचा होता. इथे करारावर सही मुलाने केली होती. कॅमेरे आपल्यावर चोवीस तास असतील हे त्याने मान्य केलं होतं. आईने कशावरही सही केलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल खटल्यात हाच फरक केलाय: माणसाच्या खाजगी आयुष्याबद्दल त्याच्या संमतीशिवाय लिहिता येत नाही, तो स्वतःहून वादात उतरला तर गोष्ट वेगळी. प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही सांगते की खाजगीपणात शिरायचं तर खरं लोकहित हवं, निव्वळ कुतूहल चालत नाही. अर्थात कौन्सिलचा अधिकार छापील पत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता, दंडही नाही, फार तर ताशेरे. पोर्टलला त्याचा धाक वाटत नाही.

शेवटी मला अडवणारी गोष्ट कायद्याची नव्हती. त्या घरात फोन नाही, वर्तमानपत्र नाही. आम्ही छापलं असतं तर आईचा कर्करोग अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आणि फक्त त्या पोराला नाही, अशी अवस्था झाली असती. त्याच्या रडण्या-हसण्याकडे लोक त्या माहितीनिशी बघत बसले असते. माझ्या नावाने हे जाणार नाही, असं मी सांगितलं. संपादकाने बराच वेळ काही लिहिलं नाही, मग ‘ठीक. कर्करोग तपासणीवर स्वतंत्र लेख दे, त्यांचं नाव न घालता’ असा निरोप आला. तो लेख मी त्याच आठवड्यात दिला.

रिपोर्ट मात्र फॅन पेजवर फिरलाच. दुसऱ्या दिवशी मुंबईहून एका वाहिनीचं युनिट मावशींच्या दारात उभं होतं. पत्ता मला विचारला होता. मी दिला नाही, तो त्यांना मिळाला. मी मावशींना एकच सुचवलं: शोच्या समन्वयकाला आत्ताच लेखी कळवा की मुलगा बाहेर पडला की मीडिया राउंडच्या आधी त्याच्या हातात फोन द्यायचा, आणि हे घरात कॅमेऱ्यासमोर कोणी सांगायचं नाही. मजकूर मी टाइप करून दिला, मावशींनी वाचून पाठवला. संध्याकाळी होकार आला.

तो पुढे काही आठवड्यांनी बाहेर पडला. हॉटेलच्या खोलीत आधी वीस मिनिटं आईशी बोलला, मग मुलाखतींना आला. पहिलाच माइक पुढे झाला तो आजारावरच. ‘आईने सांगितलंय मला,’ तो म्हणाला, ‘तिच्याबद्दल तीच बोलेल. शोबद्दल विचारा.’