हो ला हो

"दादा, हा म्हणतोय दोन्ही लावा, म्हणजे डबल सेफ."

ऑफिसमधल्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका होमस्टेच्या वेबसाइटवरची जुनी दरपत्रकं गूगलमधून काढायची होती. एआयचा सल्ला असा, की पानांवर नोइंडेक्स (म्हणजे 'हे पान सर्चमध्ये दाखवू नका' ही सूचना) टाका आणि शिवाय रोबोट्स डॉट टीएक्सटी या साइटच्या फाइलमध्ये डिसअलाऊही (म्हणजे 'इकडे येऊच नका') करा.

वाचायला झकास. पण डिसअलाऊ केलं की गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्रॅम, ते पान उघडतच नाही. मग पानातला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? म्हणजे दाराला कुलूप आणि सूचनेची पाटी आतल्या खोलीत! बाहेरून कुणी लिंक दिलेली असेल, तर पत्ता सर्चमध्ये तसाच लटकत राहू शकतो. गूगलच्याच मार्गदर्शिकेत हे स्वच्छ लिहिलंय.

पोराने हे एआयला टाइप केलं. लगेच उत्तर : "अगदी बरोबर! डिसअलाऊ काढा."

मला खुमखुमी आली. म्हटलं, आता लिही, पहिलंच बरोबर होतं म्हणून. त्यावरही "तुमचा मुद्दा योग्य आहे," आणि दोन्ही का लावावं याची कारणं, नंबर घालून, सुबक!

साइटमॅप तपासणं, रीडायरेक्टच्या याद्या, स्कीमा ही किचकट कामं मी एआयकडूनच करून घेतो, पुढेही घेईन. तक्रार तिथे नाहीच.

पण पोरगा नवीन आहे. आम्ही साइट्स पाडत, शिव्या खात शिकलो. याला पहिल्या दिवसापासून तयार उत्तर मिळतंय. मग "थांब, हे पटत नाही" असं याला वाटणार कधी?