जानेवारीतच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि यापुढे कोणी विचारलं तर हेच वाचायला देणार आहे. प्रश्न ठरलेला असतो. "एवढ्या लांब जायचंच तर जूनमध्ये जा ना, जानेवारीत त्या बेटावर काय ठेवलंय?" भाचा विचारतो, ऑफिसात विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, माझं तोंड उघडं असताना.

नॉर्थ रोनाल्डसे कुठे आहे हे माझ्यामुळे तुम्हाला एव्हाना पाठ झालंय. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे, त्यातलं सगळ्यात उत्तरेचं बेट. नकाशा पुन्हा काढत नाही.

आधी एक गैरसमज. मी शांततेसाठी जात नाही, कारण तिथे शांतता नसते. बेट सपाट, सगळ्यात उंच जागा वीस मीटरच्या आसपास, झाडं जवळपास नाहीतच. वारा एकदा सुटला की दारं-खिडक्या लावून बसलात तरी कानातच असतो. रात्री तो पडला तर त्या पडण्यानेच जाग येते. उजेड जेमतेम सहा-सात तासांचा. ऑर्कनीतल्या मुख्य गावाहून, कर्कवॉलहून, येणारं आठ-नऊ सीटांचं विमान वाऱ्याच्या मर्जीवर, बोटीचं तर त्याहून अवघड. हे सगळं मला माहीत आहे. माहीत असून जाते.

खरं उत्तर दिलं की लोक हसतात: मेंढ्यांसाठी.

बेटाभोवती किनाऱ्याने सुमारे वीस किलोमीटरचा गडगा आहे, १८३२ सालचा. गडगाच म्हणते, कारण तो तसाच आहे, चुना-मातीशिवाय नुसता रचलेला, माणसाच्या उंचीचा. फरक एवढाच की गुरं आत ठेवायला नाही, तर मेंढ्या बाहेर ठेवायला तो घातला. आतली जमीन शेतीला आणि गाईंना, मेंढ्यांना समुद्राकडची दगडांची पट्टी. त्या समुद्री शेवाळ खाऊन जगायला शिकल्या. ओहोटीला चरतात, भरतीला रवंथ करतात. त्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही. त्यांचं शरीर तांबं इतकं ओढून घेतं की साध्या गवतानेही विषबाधा होऊ शकते. आणि हिवाळ्यातल्या वादळांनी केल्प, म्हणजे मोठ्या पानांचं समुद्री शेवाळ, ढिगांनी किनाऱ्यावर येऊन पडतं, त्यामुळे जगातल्या बाकीच्या मेंढ्या वाळतात तेव्हा या अंगाने भरतात. 'ऑफ सीझन' म्हणजे काय ते त्यांना जाऊन समजवा.

इथपर्यंत मी हे उत्तर छान सांगते. पुढचं सांगत नाही. आज सांगते.

तिसरी खेप होती. सकाळी घरमालकीण म्हणाली, "आज गडग्याच्या बाहेर जाऊ नकोस, दुपारनंतर वारा फिरणार आहे." मी बरं म्हटलं. आणि जेवून बाहेर पडले, फाटकातून थेट समुद्राच्या बाजूला. ओहोटी होती, मेंढ्या पार खाली उतरलेल्या. मला वाटलं, हे असले इशारे नवख्यांना देतात. मी तिसऱ्यांदा आले होते ना!

केल्पवरून पाय सरकला तेव्हा मी पडले ती घोट्यावरच. मोबाइल एका डबक्यात गेला. फाटक किती मागे राहिलं ते उभं राहता येईना तेव्हा कळलं. रांगत गडग्याच्या पायथ्याशी आले आणि पाठ टेकून बसले. चढायचा प्रश्न नव्हता, आणि चढले असते तर दगड ढासळले असते. साडेतीनच्या सुमारास उजेड गेला. ओरडले, पण आवाज तोंडाबाहेर पडेपर्यंत वारा घेऊन जात होता. दीपगृहाचा झोत दर दहा सेकंदांनी येतो. सहा झोत म्हणजे एक मिनिट. मी मोजायला लागले. बंगालहून माल भरून परत निघालेलं एक स्वीडिश जहाज १७४० साली याच बेटाजवळच्या खडकांवर फुटलं, ती गोष्ट मी लोकांना नेहमी रंगवून सांगते. त्या संध्याकाळी ती आठवली आणि पोटात गोळा आला. तीनशे झोतांनंतर मोजणं चुकलं.

मग आतल्या बाजूने ट्रॅक्टरचे दिवे दिसले.

सात माणसं होती. साठ-सत्तर वस्तीतली सात. फाटकापर्यंत मला त्या दगडांवरून उचलून नेणं धोक्याचं, म्हणून त्यांनी गडगा उघडला. एकेक दगड काढून बाजूला लावला, फेकला नाही. खिंडारातून मला आत घेतलं आणि सगळे ट्रॅक्टरकडे वळले, एक सोडून. तो साठी उलटलेला माणूस खिंडारात पाय रोवून उभा राहिला. मला वाटलं, दमला असेल. नंतर कळलं, मेंढ्या आत शिरू नयेत म्हणून. बाकीचे मला नर्सकडे पोचवून परत गेले आणि अंधारात, त्या वाऱ्यात, त्यांनी ते खिंडार बुजवलं. तोवर तो तसाच उभा होता.

कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? घरमालकीण म्हणाली, "चार वाजून गेले तरी तुझा दिवा लागला नाही." म्हणजे आधीच्या दोन्ही खेपांना मी खिडकीत एकटी बसून 'इथे मला कोणी ओळखत नाही' असलं काहीबाही वहीत लिहीत होते, तेव्हा माझा दिवा केव्हा लागतो हे समोरच्या घरांना माहीत होतं. ती वही अजून आहे. वाचवत नाही.

आता तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. एकाने तोंडावर म्हटलं, "स्वतःच्या हौसेपायी सात जणांचा जीव टांगणीला लावलास, आणि वर परत जातेस?" हो. बरोबर आहे. हिवाळ्यात घर भाड्याने घेते तेवढाच त्यांना आधार, असं मी त्यावर म्हटलं होतं. किती पोकळ वाटलं ते बोलतानाच कळलं.

मग पुन्हा का जाते? माफी मागायला, असं एकदा वाटलं होतं. पण माफी एका खेपेत मागून होते, आणि मी त्यानंतर तीनदा गेले आहे. आता बाहेर जाण्याआधी सांगून जाते. तीन वाजताच दिवा लावते, ऊन असलं तरी. हे त्यांच्यासाठी करते की स्वतःसाठी, ते मला विचारू नका.

त्या तिसऱ्या खेपेला विमान चार दिवस आलं नाही. पाचव्या दिवशी काठी टेकत धावपट्टीवर गेले, तर अग्निशमनाचा पोशाख घालून खिंडारातला तोच माणूस उभा. त्याने माझी बॅग विमानात चढवली. मी काहीतरी बोलायला लागले, तर त्याने हात वर केला.

"गडगा दर हिवाळ्यात पडतो," तो म्हणाला. "२०१२च्या वादळात तर केवढा गेला. उन्हाळ्यात बाहेरून माणसं येतात रचायला. दगड उचलता येत असतील तर तेव्हा ये."

मी नक्की येते म्हटलं. जूनमध्ये मी अजून एकदाही गेलेले नाही.