तुम्ही विचारलंत म्हणून : चर्चचा कायदा की देशाचा?

‘तुम्ही नक्की कोणाचा कायदा मानता, चर्चचा की देशाचा?’ वसईचा कॅथलिक म्हणून हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की आता एकदाच नीट उत्तर देतो.

शंका निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. १८६४ साली पोप नववे पायस यांनी धर्मस्वातंत्र्याची कल्पनाच चुकीच्या मतांच्या यादीत घातली होती. पुढे ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, जाहीर केले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, कारण हे स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेतच आहे. मी या शिकवणीत वाढलो. तरीही तिचा अर्थ मला परिषदेच्या दस्तऐवजातून कळला नाही. तो थोरल्या बहिणीमुळे कळला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती मोडलेले मनगट घेऊन माहेरी आली. धर्मगुरूंनी सांगितले की तिला वेगळे राहता येईल, पण विवाहसंस्काराचे बंधन कायम राहील. ते तिलाही मान्य होते. तिला पोटगी, मुलाचा ताबा आणि त्या माणसापासून कायदेशीर सुटका हवी होती. ख्रिस्ती लोकांना तेव्हा १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होता. वकिलांनी कागद वाचले, तिच्या प्लास्टरकडे पाहिले आणि विचारले, ‘मारहाण सिद्ध होईल, पण त्याचा परस्त्रीशी संबंध दाखवता येईल का?’ पतीला पत्नीचा केवळ व्यभिचार दाखवणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. शेजारच्या हिंदू बाईला केवळ क्रूरतेवर घटस्फोट मिळू शकत होता. ‘म्हणजे त्याने बाई ठेवेपर्यंत मी थांबायचे?’ बहिणीने विचारले. वकील म्हणाले, ‘कायदाच तसा आहे.’ परतीच्या लोकलमध्ये ती एक शब्दही बोलली नाही.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही जादा अट घटनाबाह्य ठरवली आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. त्यानंतर ती सुटली.

राज्याने आमच्या विवाहाला हात लावू नये, असे मी तरुणपणी हिरिरीने मांडत असे. त्या भीतीत आजही तथ्य वाटते, कारण आमच्यासाठी विवाह हा निव्वळ करार नाही. पण बहिणीला बांधून ठेवणारी गोष्ट तिची श्रद्धा नव्हती, सरकारी कायदा होता. आणि बेडीच्या धाकाने टिकवलेल्या संसाराला संस्काराची साक्ष मी म्हणू शकत नाही. चर्चच्या न्यायालयाने विवाह मुळात अवैध ठरवला, तरी तेवढ्याने देशाच्या कायद्यात तो संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. मला ते योग्य वाटते. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हा १९७७ चा निकाल मात्र मला पटत नाही. तरी तो मी पाळतो.

विवाहबंधन अभंग आहे, असे मी मनापासून मानतो. उद्या माझ्या मुलीवर अशी वेळ आली तर मी तिला तेच सांगेन आणि तिच्याबरोबर न्यायालयातही जाईन. या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा बसतो, हे मला अजून सांगता येत नाही, पण यांतली एकही मी सोडणार नाही.