एचएलए रिपोर्टने खाल्लेले १६ दिवस

मुलाचा लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) उलटला तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: केमोने आजार दबला की लगेच दात्याच्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण. तो किती दिवस दबून राहील याचा भरवसा नाही. त्या मोलाच्या दिवसांतले १६ एका लॅबने घालवले, याचा राग अजून जात नाही.

दाता जुळतो का हे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची, तपासणी सांगते. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत रक्त घेतात. त्यातला डीएनए येतो पांढऱ्या पेशींतून. आमच्या मुलाचं रक्त घेतलं ते केमोनंतर, पांढऱ्या पेशींचा काउंट ३०० असताना! पेशीच नाहीत तर डीएनए कुठून येणार? काउंटरवर काउंट कुणीच विचारला नाही. सोळाव्या दिवशी फोन आला, "डीएनए कमी आलाय, परत सॅम्पल द्या." म्हणून नमुना केमो सुरू व्हायच्या आधीच द्या. उशीर झालाच तर गालाच्या आतला स्वॅब मागा. त्याआधी अर्धा तास खाणंपिणं बंद. कांडी गालाला आतून नीट घासायची आणि वाळल्यावरच पाकिटात घालायची. तोंड आलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रिपोर्ट हातात आल्यावर आकडे बघा. नुसतं 'ए*०२' लिहिलं असेल तर तपासणी वरवरची आहे. 'ए*०२:०१' असं हवं, बाहेरचा दाता शोधायचा असेल तर हवंच. आईवडील दोघांचीही तपासणी करून घ्या, म्हणजे कुठला अर्धा भाग कुणाकडून आला ते कळतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच. धाकटीचं जुळलं नाही, माझ्या दहा खुणांपैकी पाच जुळल्या. अर्धं जुळणारा दाताही चालतो. फक्त मुलाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध अँटिबॉडी (त्याच्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) नाहीत ना, हे आधी तपासतात.

नात्यातल्यांच्या रक्ताने अशा अँटिबॉडी तयार होऊ शकतात, म्हणून प्रत्यारोपणाआधी मुलाला नात्यातल्यांचं रक्त देऊ नका. चिंचवडहून भाऊ रक्त द्यायला निघाला होता, त्याला वाटेतूनच परत पाठवलं. रक्तपेढीतून घेताना पिशवी इरॅडिएटेड (किरणांचा मारा केलेली) आहे ना, तेही विचारा.

पुढचं सगळं वेळेत झालं. प्रत्यारोपणानंतर सतराव्या दिवशी माझ्या पेशी त्याच्यात रुजल्या.

हो, प्रत्यारोपणाआधी मूल आणि दाता दोघांचे नवे नमुने घेऊन जुळणी पुन्हा पडताळतात. तेव्हा हुज्जत घालू नका, पण नळीवर चिकटवलेलं नाव स्वतः वाचूनच ती पुढे जाऊ द्या.